पंधरा किलो, तीन मिनिटं

कोणतीही मोटर हातात आली की काका तिला वायर जोडून फिरवायचे, तिच्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला कितीही गोंगाट असो, त्यांना आतलं बेअरिंग ऐकू यायचं. मग डोळे उघडून निकाल. "ही दमली हाय." किंवा "ही चालंल." तिसरा शेरा मी कधी ऐकला नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा मेंटेनन्सवाला असेल. मशिन बंद पडलं की सगळे त्याला शोधत सुटतात, आणि चालू असलं की तो माणूस कँटीनमध्ये समोर बसला तरी कुणाला दिसत नाही. काका माझ्या नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना काका म्हणत; धाटावच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं फिटर होते. मी तिथेच लॅबमध्ये. दोघंही पेणहून कंपनीच्या बसने जायचो. बस इतकी हिंदकळायची की वाचणं अशक्य, म्हणून मी मोबाइलवर रोबोंच्या मारामाऱ्या बघायचे. लोक क्रिकेट बघतात, मी हे बघते. हसायचं असेल तर हसा, माझ्या घरचे अजून हसतात.

एकदा नागोठण्याला शेजारी बसलेल्या काकांनी मोबाइल सरळ माझ्या हातातून काढून घेतला आणि रोहा येईपर्यंत परत दिला नाही. पडद्यावर एक रोबो पालथा पडून धूर सोडत होता.

"मेला बिचारा," मी म्हटलं.

"मार खाऊन नाय मेला गो. त्याची मोटर आधीच तापली व्हती. चाकं बघ, कशी अडकत व्हती." मी त्यांच्या हातातल्या मोबाइलवरच मागे नेऊन पुन्हा बघितलं. खरंच अडकत होती. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे आपल्याला जमंल."

त्या 'आपल्याला'मध्ये मी कधी शिरले ते मला कळलंच नाही. पुढची तीन वर्षं माझे रविवार पेणच्या पलीकडे, खाडीकडच्या गावात, काकांच्या पडवीत गेले. त्यांचं घराणं मिठागरातलं. पडवीच्या एका कोपऱ्यात मिठाची पोती, दुसऱ्यात आमचा पसारा. काकी चहा ठेवून जाताना ठरलेलं वाक्य टाकायच्या, "नातवंडांना खेळणी करून द्यायचं वय तुमचं." काका मान वर न करता म्हणायचे, "तेच करतोय गो. जरा मोठं हाय इतकंच."

पनवेलकडच्या एका कॉलेजात दरवर्षी स्पर्धा व्हायची. नियम सोपे. रोबोचं वजन पंधरा किलोच्या आत, लढत तीन मिनिटांची. काका त्याला रोबो म्हणत नसत, गाडी म्हणत. पहिल्या वर्षीची गाडी आम्ही भंगारवाल्याकडच्या वायपरच्या मोटरींवर केली. कारच्या काचेवरचे वायपर फिरवतात त्या. मोटर आणि गिअर एकत्र, लावायला सोप्या, म्हणून मी खूश. पण वायपरची मोटर एका दिशेने जोरात फिरते, उलट फिरवली की रेंगाळते. डाव्या-उजव्या बाजूला आरशासारख्या समोरासमोर बसवल्यावर एक पुढे पळायची, दुसरी मागे राहायची. आमची गाडी सरळ जायचंच विसरली. त्यात बॅटरी यूपीएसमधली. मारण्यासाठी वर बसवलेलं पातं फिरायला लागलं की सगळा करंट ते खाऊन टाकायचं आणि चाकं जागेवर मरायची. चाळीस सेकंदांत आम्ही संपलो. परतीच्या वाटेवर पेणला उतरताना काका म्हणाले, "आधी चालूदे, मग मारूदे." पुढे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की कधीकधी कानांवर हात ठेवावेसे वाटत.

दुसऱ्या वर्षी चूक काकांची. कारखान्यात पंप निवडायचा तर लागतो त्याच्या दुप्पट ताकदीचा घ्यायचा, कारण तो मध्येच थांबला तर अख्खी बॅच वाया जाते. तीस वर्षांची ही सवय काकांच्या हाडांत मुरलेली. त्यांनी जाड पोलादाचे दोन गिअरबॉक्स शोधून आणले. घणाने मारले तरी फुटणार नाहीत असे. मी म्हटलं, "काका, वजन?" ते म्हणाले, "मजबूत हाय ना, मग झालं." पडवीत ती गाडी मिठाचं भरलेलं पोतं ओढत गेली आणि काकीसुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही इतके फुशारलो की वजनाचा विषयच राहून गेला. कॉलेजात काट्यावर ठेवली तर एकवीस किलो. काट्यावरच्या मुलीला काकांनी पुन्हा ठेवायला लावली. पुन्हा एकवीस. मी भांडायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी मला हाताने मागे केलं. "काटा बरोबर हाय. आपण चुकलो." त्या वर्षी आम्ही दुसऱ्यांच्या लढती बघून घरी आलो.

तिसऱ्या वर्षी काका शाळेतल्या मुलासारखे वही घेऊन बसले. कुणाची गाडी कशावर चालते ते त्यांनी लिहून आणलं होतं. मग दोन बॅटरीवाल्या ड्रिल मशिनी उघडल्या. आतला गिअरबॉक्स मुठीत मावेल एवढा. मधल्या दातेरी चाकाभोवती तीन छोटी चाकं फिरतात आणि भार आपसांत वाटून घेतात. काकांनी तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ फिरवला. "आयुष्यभर मोठी मोठी धुडं उचलली गो. ही अक्कल कुणी दिली नाय." तरी पोत्याशी बांधल्यावर गाडी टरटर आवाज करून जागेवर राहिली. स्क्रू जास्त आवळला जाऊ नये म्हणून ड्रिलमध्ये क्लच असतो, भार आला की तो सुटतो. काकांनी क्लच खोलून कायमचा जाम केला. पुढच्या रविवारी पोतं हललं.

बॅटरी लिथियमची घेतली. हलकी आणि ताकदवान, पण रागीट. पहिलीच मी घाईने चार्जिंगला लावली आणि ती पुरीसारखी फुगली. काकांनी ती चिमट्याने उचलून अंगणातल्या वाळूत पुरली आणि मला इतकं झापलं की मी दोन दिवस बसमध्ये दुसऱ्या सीटवर बसले.

खरं भांडण मात्र स्पर्धेच्या आठवड्यात झालं. सगळं जोडल्यावर गाडी सहाशे ग्रॅम जास्त भरली. काहीतरी काढायला हवं होतं. मला मोठं पोलादी पातं ठेवायचं होतं आणि बॅटरी लहान घ्यायची होती. खरं सांगते, मला टाळ्या हव्या होत्या. दोन वर्षं लोकांनी आम्हाला हसून घेतलं होतं, मला कुणाचा तरी रोबो उडालेला बघायचा होता. काका ऐकेनात. पातं लहान करायचं, बॅटरी मोठीच ठेवायची.

"लहान पात्याने कोण मरणार?" मी ओरडले.

"कुणी मरायला नको," ते म्हणाले. "तीस वर्षं दुसऱ्याची मशिनं चालवली गो. माझं असं एक बी नाय. हीच काय ती माझी. ही तीन मिनिटं चालली पाहिजे. बंद पडता कामा नये, बस."

मी मोठं पातं खोलून बाजूला ठेवलं. तेव्हा ते निवृत्त होऊन चार महिने झाले होते, आणि डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं ते त्यांनी फक्त काकींना सांगितलं होतं. मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी पात्यासाठी एवढी भांडले नसते, असं वाटतं. कदाचित भांडलेही असते. दिवाळीनंतर ते गेले. आता बसमध्ये शेजारची सीट रिकामी दिसली की मी तिच्यावर पिशवी ठेवते, आणि कुणी बसायला आलं तर मला उगाचच राग येतो.

पण त्या दिवशी ते होते, इस्त्रीचा शर्ट घालून. काट्यावर चौदा किलो नऊशे भरले तेव्हा त्यांनी काट्यावरच्या मुलीला नमस्कार केला. रिमोट त्यांच्या हातात होता, मी रिंगणाच्या जाळीला नाक लावून उभी होते. समोर इंजिनिअरिंगच्या पोरांचा रोबो, पातं आमच्या दुप्पट. पहिल्याच फटक्यात आमची एक बाजू चेपली. दुसऱ्या फटक्यात आमचं छोटं पातं तुटून कोपऱ्यात जाऊन पडलं. मी डोळे मिटले. उघडले तर गाडी चालत होती. एक चाक वाकलेलं, फरफटत, पण चालत होती. काका तिला मारायला नेतच नव्हते. पळवत होते, वळवत होते, मार खाऊन पुन्हा बाहेर काढत होते. दोन मिनिटं झाली. जाळीपलीकडून कुणीतरी "काका, काका" ओरडायला लागलं. अडीच झाली.

तीन मिनिटांचा भोंगा वाजला. पोरांनी त्यांचा रोबो थांबवला. निकाल गुणांवर त्यांच्याकडे गेला, जायलाच हवा होता. आमची गाडी मात्र फिरतच होती.

पंच मुलगी काकांजवळ आली. "काका, वेळ संपली."

"तुमची संपली गो. तिची कुठं संपली?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिने हातातला झेंडा खाली केला आणि बाजूला उभी राहिली. काकांनी गाडीला जाळीच्या कडेने एक अख्खी फेरी मारायला लावली, वाकलेल्या चाकावर, सावकाश. मग दाराशी आणून उभी केली आणि रिमोट माझ्या हातात दिला. त्यांचा शर्ट घामाने भिजला होता.

"बंद नाय पडली," ते म्हणाले. "मी बंद केली."