मामांचे डोळे कुणाकडं गेले

भवानीनगरजवळ माझ्या मामांचा ऊस होता, आणि उसापलीकडं त्यांना बोलायला विषय नसे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बारामतीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर डॉक्टरांनी नेत्रदानाचं नुसतं सुचवलं, तर मामांनी तिथंच शब्द देऊन टाकला.

मामी भडकल्या. "फुडल्या जल्मी आंधळं व्हाल!"

"तू हायेस की हात धरायला."

"म्या न्हाय येत फुडल्या जल्मी तुमच्या संगं!"

पारावरचे लोक म्हणत, "आबा, तुमचं डोळं ज्याला बसतील त्यो जल्मभर दुसऱ्याचा ऊसच बघत बसंल." मामाही हसत.

काही वर्षांनी एका सकाळी चहा पिता पिता मामा गेले. मी इंदापूरहून पोचलो तेव्हा भावकीतले एक तात्या म्हणत होते, "मेल्या माणसाची चिरफाड कशापायी? उचला लवकर."

कोपऱ्यातून मामी उठल्या. "त्यांनी शब्द दिलाय. डॉक्टर येईपतूर कुणी हात लावायचा न्हाय."

डोळे सुकू नयेत म्हणून त्यांनी स्वतः पंखा बंद केला, मामांच्या मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. हे सगळं त्यांनी कधी विचारून ठेवलं होतं, देव जाणे. मी एसटीडी बूथवरून फोन केला. डॉक्टर आले, थोड्या वेळात काम उरकून गेलेही. तात्यांनी वाकून पाहिलं. "व्हय की, झोपल्यागतच दिसत्यात," म्हणाले.

तेराव्यानंतर मामी मला घेऊन थेट बारामतीला. "डॉक्टर, डोळं कुणाला दिलं?"

"पुण्यात दोघांना बसवले. नावं सांगायची नाहीत, मावशी. नियम आहे."

"लेक दिली तरी तिचं सासर ठावं आसतं. हितं डोळं दिलं, अन् पत्ता न्हाय?" मग एकदम थबकून, "दोघांना? म्हंजी एकेक?"

डॉक्टरांनी मान डोलावली. मामींचे डोळे भरून आले, पण नियमावरचा राग काही गेला नाही.

परतीच्या एसटीत समोर काळा चष्मा घातलेला माणूस बसला होता. मामींनी पदर सारखा केला. "कुठलं पावनं?"

"निमगाव केतकी."

"डोळा नवा बसवला व्हय?"

"न्हाय, मोतीबिंदू काढला."

मामी जरा हिरमुसल्या. तरीही भवानीनगर येईपर्यंत, डोळ्यांत धूळ जाऊ देऊ नका, म्हणून त्याला बजावत राहिल्या.