न मुरलेली स्ट्रिंग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. ज्या सरांनी माझ्या हातात पहिल्यांदा धनुष्य दिलं त्यांना सांगायला भरपूर वेळ होता, पण — असो. वेळ मला नेहमीच असतो, हिंमत नसते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ लगेच शहाणी होते.

आधी थोडं स्ट्रिंगबद्दल सांगते. बघा, लागले लगेच फाटे फोडायला! पण ते सांगितल्याशिवाय मी काय केलं हे कळायचं नाही. स्ट्रिंग बनवणाऱ्यालाच जमेल असं ते काम होतं. शेजारी उभं राहून बघणाऱ्यालाही त्यात काही वावगं दिसलं नसतं.

धनुष्याच्या दोरीला पुस्तकात प्रत्यंचा म्हणतात. आमच्या क्लबात सगळे स्ट्रिंगच म्हणायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नाशिक रोडहून देवळाली कॅम्पकडे जाताना एक मोकळं मैदान होतं, तिथे आमचा क्लब. क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड, गवताची चार लक्ष्यं आणि सर. सर तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार; त्यांनी नुसतं ‘हं’ म्हटलं तरी पोरं ताठ व्हायची. आमची धनुष्यं बांबूची. तयार स्ट्रिंग बाहेरगावाहून मागवावी लागे आणि ती येईपर्यंत स्पर्धा उरकलेली असे. म्हणून सरांनी जाड नायलॉनसारख्या धाग्याचं एक रीळ आणलं आणि विचारलं, हे काम कोण करणार?

मी हात वर केला. मखमलाबादला आमची फुलांची शेती. पहाटे तोडलेली शेवंती नि झेंडू, आणि दारात बसून हार करणारी आई. सहा-सात वर्षांची होते तेव्हापासून दोरा माझ्या बोटांत आहे. सैल नाही, करकचून नाही, शेवटपर्यंत एकसारखा — हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. फळीवर दोन खिळे ठोकायचे, त्यांच्याभोवती धाग्याचे चौदा फेरे घ्यायचे, मेण चोळायचं, टोकांचे फास आणि बाण अडकवायची मधली जागा बारीक दोऱ्याने गुंडाळायची, मग पीळ द्यायचा. महिन्याभरात अख्ख्या क्लबाच्या स्ट्रिंग माझ्या हातच्या झाल्या. मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे, हे आणखी वाईट.

आता मुद्द्याचं. नवी स्ट्रिंग लगेच वापरायची नसते. लोणच्यासारखी ती मुरावी लागते. पहिले शंभरेक बाण मारेपर्यंत धागा ताणतो, प्रत्येक बाणाला केसभर. स्ट्रिंग लांब होते आणि धनुष्याच्या मुठीपासूनचं तिचं अंतर कमी होत जातं. हे अंतर आम्ही बंद मूठ आणि तिच्यावर उभा अंगठा, असं मोजायचो. नंतर सरांनी पट्टी आणली. हे अंतर उतरलं की बाण सोडताना स्ट्रिंग मनगटावर फटकारते आणि बाण एका जागी पडत नाहीत. उपाय सोपा असतो. स्ट्रिंग काढायची, आठ-दहा पीळ वाढवायचे, पुन्हा चढवायची. दोन मिनिटांचं काम.

पण एका पोराने अंदाजाने पीळ देऊन धनुष्य मोडलं, तेव्हापासून सरांनी नियम केला. स्ट्रिंगला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. स्पर्धेच्या सकाळी सगळे आपापली धनुष्यं माझ्यापुढे आणून ठेवत. मी चढवायची, मोजायची आणि ‘ठीक’ म्हणायची. माझं ‘ठीक’ झालं की कुणी पुन्हा बघत नसे. इतका विश्वास आईनेसुद्धा कधी माझ्यावर टाकला नव्हता.

जिजा सुरगाण्याकडची. आश्रमशाळेतून सरांनीच हेरून आणलेली. सतरा वर्षांची, काटक, बोलायला कमी, हसायला पुढे. तिच्या घरी वडिलांचं धनुष्य होतं, त्याला बांबूच्या कामटीची दोरी. तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. सरांनाही ती ‘तू’ म्हणायची आणि सर, काय आश्चर्य, ऐकून घ्यायचे. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी. उभं कसं राहायचं, श्वास कुठे धरायचा, सगळं तिला मी दाखवलं. दोन वर्षांत ती माझ्या पुढे गेली.

तुम्हाला कुणी असं मागे टाकलंय का? आपणच शिकवलेल्या माणसाने? मला तिचा राग यायचा असं नाही — नाही, थांबा. खोटं कशाला बोलू? यायचा. तिने धनुष्य ताणलं की तिचा हात भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा स्थिर व्हायचा, आणि ते बघून माझ्या पोटात दुखायचं.

त्या एप्रिलमध्ये राज्याच्या संघाची निवड होती. मुलींच्या चार जागा. तिघींची नावं ठरल्यासारखीच होती. राहिली एक. वयाच्या अटीमुळे माझं ते शेवटचं वर्ष होतं. जिजाचं तसं नव्हतं, पण तिचंही काही कमी पणाला लागलं नव्हतं. निवड झाली तर तिला नाशिकच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. नाही तर उन्हाळ्यात घरी, आणि मग दिवाळीनंतर आईबापांबरोबर द्राक्षबागांच्या कामावर. हे मला माहीत होतं. तिने मलाच सांगितलं होतं.

तिच्यासाठी मी दोन स्ट्रिंग केल्या होत्या. एक तिने स्वतः आठवडाभर बाण मारून मुरवलेली. दुसरी आदल्या दिवशी खिळ्यांवरून उतरवलेली, कोरी. दोन्ही माझ्या डब्यात. सकाळी तिने धनुष्य पुढे ठेवलं आणि मी डबा उघडला.

चूक झाली, गर्दीत हाताला चुकीची लागली, असं मी स्वतःला कितीदा सांगून पाहिलंय. पटत नाही. मुरलेली स्ट्रिंग मधे काळपट होते, कोरी पिवळसर चमकते. माझ्या बोटांना तर डोळे मिटूनही फरक कळला असता. मी कोरी उचलली, चढवली, पट्टीने मोजली. त्या क्षणी अंतर अगदी बरोबर होतं. तेच तर! मी ‘ठीक’ म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. अजून नव्हतं.

“नवी घातली?” जिजाने विचारलं.

“जुनीचा फास झिजला होता,” मी म्हणाले.

तिने स्ट्रिंग नाकाशी नेऊन मेणाचा वास घेतला आणि हसली. आपल्याला नवी वस्तू मिळाली म्हणून खूश झाली ती.

पहिल्या दोन फेऱ्या तिने सोन्यासारख्या मारल्या. मग ऊन चढलं, मेण मऊ झालं, धागा ताणू लागला. माझ्या जागेवरून मला तिचं लक्ष्य दिसत नव्हतं, पण स्ट्रिंगचा आवाज येत होता. मुरलेल्या स्ट्रिंगचा आवाज भरीव असतो, उतरलेली फटफटते. दर फेरीला तो आवाज जास्त फटफटत होता. मी माझे बाण मारत होते. चांगले मारत होते.

जेवणाच्या सुट्टीत ती धनुष्य घेऊन माझ्याकडे आली. फटका लागू नये म्हणून हातावर बांधतात त्या चामडी पट्ट्याच्या खाली, मनगटावर लाल वळ उठला होता.

“ताई, बाण कुठंपण जातात. दोरी सैल पडली काय? बघून दे ना.”

मी पट्टी लावली. अंतर अर्ध्या इंचाहून जास्त उतरलं होतं. दहा पीळ, दोन मिनिटं. समोर तिचा घामेजलेला चेहरा.

“स्ट्रिंग बरोबर आहे,” मी म्हणाले. “तुझा हात हलतोय जिजा. सोडताना हात हलतोय.”

तिने आपल्या हाताकडे बघितलं. नीट, उलटासुलटा करून बघितलं. पट्टीकडे बघितलंच नाही. ताईने मोजलं म्हणजे संपलं.

दुपारी काय झालं ते मला आणखी नीट आठवतं. फटका बसणार म्हणून ती सोडायच्या आधीच मनगट चोरू लागली. तिचा हात खरोखरच हलायला लागला. मी जे बोलले ते संध्याकाळपर्यंत खरं झालं! चौथी जागा मला मिळाली, थोड्याच गुणांनी. जिजाने सरांची माफी मागितली. मग माझ्याजवळ येऊन माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “लय चांगला झाला ताई, तुझा नंबर लागला.” मी तिचं धनुष्य उतरवून दिलं आणि ती स्ट्रिंग माझ्याकडे ठेवून घेतली. कुणी मोजू नये म्हणून.

संघाला पदक मिळालं. त्या प्रमाणपत्रावर मला खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी लागली. त्या नोकरीवर लग्न ठरलं, घर झालं. जिजा त्या उन्हाळ्यात गावी गेली ती परत आली नाही. सर दोन-तीनदा म्हणाले, पोरगी वाया गेली. मी मान हलवली.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही पुष्कळ वर्षं वाटत होतं की हाच. तो एवढाच असता तर कदाचित मी कधीतरी, कुणापाशी तरी बोलले असते. एकविसाव्या वर्षी माणूस नीच वागू शकतो, हे लोक समजून घेतात. चौतिसाव्या वर्षाचं काय करायचं?

त्या वर्षी कार्यालयाच्या कामावर मी सुरगाण्याकडच्या एका शाळेत तपासणीला गेले होते. शुक्रवार होता. पटावरची मुलं मोजून झाली, कागदांवर सह्या झाल्या, आणि व्हरांड्यात मागून हाक आली, “ताई!” जिजा. अंगाने भरलेली, कपाळावर दोन आठ्या, हसणं तेच. तिची धाकटी बहीण त्या शाळेत शिकत होती. जीपवाल्याला थांबायला सांगून ती मला जवळच्या तिच्या घरी घेऊन गेली. चहा केला, नागलीची भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. नवरा, शेत, दोन मुलं, सगळं सांगून झालं. मग म्हणाली, “ही येडी बघ, धनुष्य सोडत नाय.”

बहीण अंगणात होती. बारा-तेरा वर्षांची, हातात स्वतः केलेलं बांबूचं धनुष्य. आंब्याच्या खोडावर कोळशाने काढलेल्या गोलात तिने एकामागून एक तीन बाण मारले. मी बाणांकडे बघितलंच नाही, तिच्या हाताकडे बघत राहिले. तो दगडासारखा होता.

जिजा सांगत होती. खेळाचे मास्तर मागे लागलेत, हिला नाशिकच्या निवडीला पाठवा म्हणतात. फॉर्म सोमवारपर्यंत द्यायचा आहे. पण ती सही करणार नव्हती.

“आमचा हात हलतो ना ताई. आईचापण जायच्या आधी हलायचा. आमच्या घरातच हाय ते. तू तवा खरा सांगितला म्हणून बरा झाला, नायतर मी उगाच किती वर्षं झुरली असती. हिला कशाला पाठवू? हिनं पण तसंच रडत यायचा?”

ती माझे आभार मानत होती. तुम्हाला कळतंय ना? तेरा वर्षं तिने माझं वाक्य जपून ठेवलं होतं, आणि आता ते ती बहिणीला देत होती.

एक वाक्य पुरलं असतं. सगळं नव्हे, स्ट्रिंगचं नव्हे. ‘हिचा हात हलत नाही, पाठव हिला,’ एवढंच. पण ते म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, तुला कसं कळलं? मग माझा कसा हलत होता? — आणि जिजा हुशार आहे. दोन प्रश्नांत ती त्या डब्यापर्यंत पोचली असती. मी ताटातली भाकरी संपवली आणि म्हणाले, “बघ बाई, तुझं तुला माहीत.” तिने वाटेत खायला म्हणून पिशवीत आंबे घातले. मी ते घेतले.

शाळेचा फोन नंबर तपासणीच्या कागदावर छापलेला होता. शनिवारी शाळा अर्धा दिवस उघडी असते. त्या शनिवारी मी घर झाडलं, मुलाला क्लासला सोडलं, आंबे कापले. रविवारी पाहुणे आले होते. सोमवारी कार्यालयात तो कागद माझ्यासमोर होता आणि त्याच्या शेजारी फोन. मी अहवाल लिहिला. पटसंख्या बरोबर, इमारत बरी, पाण्याची सोय आहे. साडेपाचला फोन मागे सरकवून मी टेबल आवरलं आणि घरी गेले.