मडमेनं दिलेली वडी

लग्न होऊन मी नेरळजवळच्या वाडीत आले, तेव्हा सासूसासरे आधीच गेलेले. हे माथेरानला एका साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी. पंधरवड्यातून एकदा खाली उतरायचे, एक दिवस राहायचे, की चालले परत वर. मग मी आणि आमची तांबडी कुत्री. हसू नका, पण चूल पेटवताना मी तिलाच विचारायची, "भात टाकू का गं?"

लढाईचे दिवस, साखर रेशनवर. एकदा ह्यांनी मडमेनं दिलेली चॉकलेटची वडी आणली. तळहाताएवढी, काळीकुट्ट. "खा, तुझ्यासाठी राखून ठेवली," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी माझा सोमवार. त्यातून साहेबाघरचं, अंडंबिंडं घातलं असलं तर? टाकून द्यायला हात होईना. मुक्या जिवाच्या पोटात जाऊ दे म्हटलं आणि सगळी कुत्रीला घातली. तिनं कागदसुद्धा चाटला.

तेवढ्यात शेजारची म्हातारी आली. एकटीच राहायची बिचारी. "कुत्री काय तजेलदार दिसती गं बाई! माज्याकडं हाय कोन खायला?" म्हणाली.

दुपारनंतर कुत्री ओकायला लागली. घटाघटा पाणी पिई, जागेवर बसेना, पाय थरथरत. छातीवर हात ठेवला तर काळीज नुसतं धडधडत होतं. मी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. म्हातारी धावत आली, "काय झालं गं पोरी?" मी दारातूनच ओरडले, "तुमचीच नजर लागली! येऊ नका आत."

ती दारात उभी राहिली जरा, मग गेली.

सकाळी कुत्री गेली. म्हातारीशी मी पुढं कधी बोलले नाही. वाडीत बोलायला तेवढं एकच माणूस होतं, तेही मी तोडलं.

परवा नातीच्या कुत्र्यानं चॉकलेट खाल्लं, म्हणून कर्जतला जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, आपल्याला ते पचतं, कुत्र्याच्या अंगातून लवकर निघत नाही. काळजावर जातं, आणि जितकं काळं तितकं वाईट. मी विचारलं, "तळहाताएवढी काळी वडी खाल्ली तर?"

"मग कठीणच, आजी."

नातीचा कुत्रा वाचला. मला आपली म्हातारी दिसत राहिली, दारात उभी. माफी मागायची तर ती कधीच वारली, तिच्या मागं कुणीच नाही, मूल ना बाळ. तुम्हाला सांगितलं, एवढंच.