ताऱ्यांतलं लोखंड

निपाणीत आमच्या भागात टीव्ही एकाच घरी होता, तंबाखूच्या एका व्यापाऱ्याकडे; सगळे त्याला अण्णा म्हणायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दर रविवारी सकाळी त्यावर विश्वाविषयीची एक इंग्रजी मालिका लागायची. मी हायस्कुलात नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते. व्यापाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि हे पाहुण्यांना कळलेलं त्याला चालणार नव्हतं. त्यानं निरोप धाडला, "बाई, येऊन जरा समजावून सांगा."

आकाशगंगा मी फक्त पाठ्यपुस्तकातल्या काळपट छपाईत पाहिली होती. त्यापायी गेले. पाहुण्यांना खुर्च्या, मला दाराजवळ पाट. त्यांना कपबशी, मला खिडकीत वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला. आम्ही बौद्ध, आणि आई त्याच्याच वखारीत तंबाखू चाळायची. सगळं कळत होतं. तरी तीन रविवार मी तो चहा प्याले. त्या माणसाइतकीच मला माझीही किळस येते.

शनीची कडी दिसली की तो टीव्हीला हात जोडायचा. "ह्योच माझ्या मागं लागलाय," म्हणायचा.

तिसऱ्या रविवारी मोठे तारे फुटताना दाखवले. मी सांगितलं, "आपल्या रक्तातलं लोखंड असल्याच ताऱ्यांत तयार झालंय."

"समद्यांच्या?" त्यानं विचारलं.

"समद्यांच्या. तुमच्या, माझ्या."

त्यानं पाहुण्यांकडं पाहिलं. "ते तिकडं विलायतेत असंल, बाई. हितं तसं न्हाय."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यात एक चांगला शिकलेला वकील होता. मला मोठ्यानं हसू फुटलं.

तेवढ्यात आतून त्याची बायको म्हणाली, "जाताना पेला तेवढा विसळून ठेवा हं, बाई."

मी उठले, उष्टा पेला टीव्हीवर मधोमध ठेवला आणि चपला घालून बाहेर पडले.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "अण्णा शाळेच्या कमिटीवर आहेत. माफी मागून टाका."

"कशाबद्दल, ते त्यांनी लिहून द्यावं. मागते."

चिठ्ठी आली नाही. काय लिहिणार होता?

मालिका पुढं बरेच आठवडे चालली. एक अक्षर न कळता तो ती नेमानं बघायचा म्हणे, आणि बाजारात सांगायचा, ह्ये समदं आपल्या पोथ्यांत आधीच हाय. उरलेला एकही भाग मला बघायला मिळाला नाही. कृष्णविवरं शेवटी दाखवली, असं बेळगावच्या एका शिक्षिकेनं नंतर सांगितलं. ती हुकली, याचं अजून वाईट वाटतं.