गाडी शहापूरला गेली होती

डोळखांबच्या बाजारात मला अजूनही काही जण ‘अँब्युलन्सवाले भाऊ’ म्हणतात. मी म्हणू देतो. त्यांना काय सांगणार? जे सांगायला हवं होतं ते आजवर माझ्या तोंडून निघालं नाही — बायकोपाशी नाही, मित्रांत नाही, देवापुढे उभा राहिलो तेव्हाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी कदाचित जमेल. बघतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं किराणा मालाचं दुकान होतं, दुकानात फोन होता, दारात जीप होती. खासदारांचा या पट्ट्यातला माणूस म्हणून मला लोक विचारत. खासदारांचं नाव घेत नाही. माणूस सरळ होता, आणि यात त्यांचा काही दोष नाही.

एकदा दिल्लीहून त्यांचा फोन आला. उद्या टीव्ही लाव, म्हणाले, तुझ्या भागाचं काम मांडतोय. मी गाव गोळा केलं. ओटीवर, अंगणात माणसं बसली, टीव्ही दारात आणून ठेवला. आणि लोकसभेत साहेब उठले. मोडक्यातोडक्या हिंदीत बोलले, पण आतड्यापासून बोलले. माझ्या भागात भात कापताना एका बाईला साप चावला. औषध तालुक्याच्या दवाखान्यात होतं, पण तिला तिथवर न्यायला गाडी नव्हती. बिचारे लोक भगताकडे गेले. बाई मेली. भातसाचं पाणी मुंबईला जातं, ते धरण ज्यांच्या उशाला आहे त्यांना एक गाडी मिळत नाही? — असं काहीसं. आमच्या अंगणात टाळ्या पडल्या.

मीही वाजवल्या. हे आधीच सांगून टाकतो.

पुढे काही महिन्यांनी अँब्युलन्स आली. आरोग्य केंद्रासमोर पताका, नारळ, भाषणं. साहेबांनी माईकवर माझं नाव घेतलं — गाडी नव्हती हे यानेच माझ्या कानावर घातलं, म्हणाले. गाडीला पहिला हार घालायला त्या मेलेल्या बाईच्या नवऱ्याला बोलावलं होतं. नवशा त्याचं नाव. त्याने हार घातला आणि गर्दीत मागे जाऊन उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. की पाहिलं, आणि मीच मान वळवली? आता नक्की आठवत नाही. तुम्हाला काय वाटतं, असं माणूस विसरतो का?

ती बाई मेली त्या दिवशी — आता त्या दिवसाचं सांगतो.

साहेब दुपारी यायचे होते. वरच्या पाड्याच्या ओढ्यावर साकव बांधायचा होता, त्याचं भूमिपूजन. डांबरी रस्ता संपला की पुढे नुसती दगडांची वाट. साहेबांची गाडी तिथे चढणं शक्य नव्हतं, म्हणून माझी जीप. सकाळी धुतली होती, बॉनेटवर झेंडूची माळ बांधली होती. पंचायत समितीचं तिकीट मला हवं होतं. धसईकडचा एक जण त्याच तिकिटावर डोळा ठेवून होता, आणि त्याच्याकडेही जीप होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. मनात काय चाललं होतं, तेवढं सांगतो.

उन्हं डोक्यावर आली असतील. वरच्या पाड्यावरून नवशा आणि त्याचा भाऊ बुधीला झोळीत घालून घेऊन आले. बुधी त्याची बायको. आठवड्याला माझ्याच दुकानातून मीठ-तेल नेणारी, हसताना तोंडावर पदर धरणारी. तिला दुकानाच्या पायरीवर बसवलं. घोट्याच्या वर दोरी आवळलेली, पाय सुजलेला. तिने पाणी मागितलं, मी दिलं. नवशा म्हणाला, भाऊ, शहापूरला सोडा.

गाडी होती. समोर उभी होती. ड्रायव्हर मीच, किल्ली माझ्या खिशात.

मी म्हणालो, “साहेब येतीलच आता. ते आले-गेले की लगेच सोडतो. तोवर भगताला दाखव.”

हे शेवटचं वाक्य — इतकी वर्षं मी जीपचीच टोचणी बाळगत आलो, पण खरी गाठ या वाक्याची आहे. भगताचं नाव नवशाने काढलं नव्हतं. तो सरळ दवाखान्यात न्यायला आला होता. भगताकडे त्याला मी पाठवला. मॅट्रिक झालेला, भाषणांतून अंधश्रद्धेवर बोलणारा मी. त्याने जीपकडे पाहिलं, झेंडूकडे पाहिलं. मग दोघा भावांनी झोळी उचलली. पताका लावणारी दोन पोरं खाली बघत राहिली. ती माझीच माणसं होती, पुढे कधी बोलली नाहीत.

साहेब येईस्तोवर उन्हं उतरायला लागली होती. तोवर मी काय केलं? खुर्च्या मांडल्या, पुसल्या, परत मांडल्या. रस्त्यावर जाऊन बघून आलो. पाड्याकडे मात्र एकदाही गेलो नाही. जावं असं वाटत होतं, म्हणूनच गेलो नाही.

भूमिपूजन चालू असताना रडण्याचा आवाज आला. साहेबांनी नारळ तसाच खाली ठेवला आणि विचारत विचारत नवशाच्या घरी गेले. मी मागोमाग. बुधीला अंगणात ठेवलं होतं. साहेब मातीत बसले, नवशाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अरे बाबा, दवाखान्यात का नाही नेलीस?

नवशाने मान वर केली. तो बोलणार, एवढ्यात मी बोललो.

“गाडीच नव्हती, साहेब. माझी शहापूरला गेली होती, खुर्च्या आणायला. आणि हे लोक आधी भगताकडेच जातात.”

किती सफाईने आलं ते! आधी ठरवलेलं नव्हतं, खरंच नव्हतं. पण अडखळलोही नाही. नवशा माझ्याकडे बघत राहिला. साहेबांनी परत त्याला विचारलं, असंच झालं का? त्याने मान हलवली — हो.

साहेबांनी डोळे पुसले. जाताना मला म्हणाले, हे मी सोडणार नाही, दिल्लीत मांडणार. आणि मांडलं. तिथे आपण एक शब्दही खोटा बोललो नाही, असं त्यांना वाटत होतं. खोटं माझं होतं, त्यांच्या तोंडून देशाने ऐकलं.

पुढे ते निवडणूक हरले, आजारी पडले. मुरबाडला एका नातलगाकडे होते तेव्हा मी भेटायला गेलो. अंथरुणावर पडून जुन्या गोष्टी काढत होते. मधेच म्हणाले, “एवढी वर्षं दिल्लीत बसलो, पण त्या अँब्युलन्सचं काम तेवढं मनासारखं झालं.” खोलीत आम्ही दोघंच होतो. मी त्यांची चादर नीट केली. म्हणालो, हो साहेब. त्याच पावसाळ्यात ते गेले.

मग झोप उडाली. अँब्युलन्स दुकानासमोरून गेली की मी उठून आत जायचो. लोकांना वाटायचं, भाऊ हळवे आहेत.

शेवटी एकदा नवशाच्या पाड्यावर गेलोच. तोवर दोन हजार साल उलटलं होतं, पाड्यापर्यंत डांबर गेलं होतं. तो नाचणीच्या शेतात तण काढत होता, केस पांढरे झालेले. बांधावर बसलो. मी म्हणालो, नवशा, त्या दिवशी गाडी होती.

तो तण काढता काढता म्हणाला, “मला ठावं हाय ना, भाऊ. मीच आलो होतो.”

मी विचारलं, मग साहेबांपुढे बोलला का नाहीस? विचारायला नको होतं. तोही दोष जणू त्याच्याच गळ्यात टाकत होतो.

त्याने हात झटकले.

“घरात पोरगी तापानं फनफनलेली, भाऊ. सकाळी तिला शहापूरला न्यायची होती. गाडी कोनाची होती? तुमचीच ना?”

मला आठवलं. बुधीला जाळल्याच्या दुसऱ्याच सकाळी तो पोरीला खांद्यावर घेऊन दुकानात आला होता. मी लगेच जीप काढली होती. पोरीला पुढे बसवलं, दवाखान्यात डॉक्टरांना गाठलं, औषध घेऊन दिलं. परत येताना मला फार हलकं वाटलं होतं — जणू फिटलं सगळं. गाडीतून उतरल्यावर नवशाने माझ्यापुढे हात जोडले होते.

आणि मी म्हणालो होतो, असू दे रे, असू दे.