ट्यूबवर काढलेला उन्हाळा

हात गेल्यावर आमचे मालक बोलायचे बंद झाले. मळणीयंत्रात ज्वारीची कणसं सारताना उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत आत ओढला गेला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सदऱ्याची बाही नुसती लोंबत होती. हसनाबादच्या पुढं तलावाच्या काठाला आमची वस्ती. त्यांच्या घरात मासेमारी आजोबा-पणजोबांपासूनची. त्या साली पाऊस झाला नव्हता, तलावात मासा कमी लागत होता, म्हणून ते मळणीवर मजुरीला गेले आणि हे असं झालं.

घरी आल्यावर ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. भाकरी पुढं ठेवली तर डाव्या हातानं तुकडा मोडायचा नाही. मी मोडून दिला तर ताट सरकवायचे. पोरगी लहान होती, ती त्यांच्या पोटावर चढून बसायची, तरी तिच्याकडं बघायचे नाहीत. मी त्यांना एकटं सोडत नव्हते. पाण्याला गेले तरी धावत परत यायचे, आणि दारातून ते दिसले की मग डोक्यावरची घागर उतरवायचे.

माझा दीर पहिल्यांदा रोज मासे आणून द्यायचा. कधी रोहू, कधी दोन-चार चिलापी. पुढं दिवसाआड आला. मग आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीच. त्याला बोल लावावा असं नव्हतं. त्याच्याही घरात खाणारी तोंडं होती आणि तलाव रोज मागं सरकत होता. शेवटी तो दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, पाणीच न्हाई राह्यलं. म्या तरी काय करू?" त्याच्या हातात त्या दिवशी काहीच नव्हतं.

मालकांचं जाळं खुंटीला तसंच होतं. ज्या फुगवलेल्या चाकाच्या ट्यूबवर बसून ते तलावात जायचे, ती अंगणात कुडाला टेकवलेली होती. एका दुपारी ती उन्हानं फुटली. मोठा आवाज झाला, पोरगी रडायला लागली, आणि आतून मालकांचा आवाज आला, "सावलीत ठिवायची असती ती. कितीदा सांगितलं?"

मी दारातच थांबले. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य होतं. मी आत जाऊन विचारलं, "नवीन घ्यायची तर कशी बघून घ्यायची?"

"कोण बसणार हाय तिच्यावर?"

"मी."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला पोहायला येत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. माझं माहेर तीर्थपुरीकडचं. जात एकच, पण माझ्या वडिलांनी पाण्याचा धंदा कधीच सोडला होता, ते बाजारात फुटाणे विकायचे. मी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेले नव्हते. आमच्यातल्या बाया मासे विकतात, जाळी विणतात, पण ट्यूबवर बसलेली बाई मी तोपर्यंत पाहिली नव्हती. मला वाटलं, आता ते ओरडतील. ते पुन्हा भिंतीकडं वळले. तिकडं बघतच म्हणाले, "ट्रकची घे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची मोठी दिसती, पर तिचं भोक मोठं असतं, तू खाली जाशील. आन व्हॉल्व्हच्या बुडाशी ठिगळ असंल तर हात बी लावू नको."

दुसऱ्या दिवशी एसटीनं मी भोकरदनला गेले. पंक्चरवाल्याच्या टपरीपुढं जुन्या ट्यूबा दोरीला लटकवलेल्या होत्या. माहेरची पितळी घागर पदराखाली धरून मी उभी होते. दुकानदार म्हातारा होता, डोक्याला जाळीची टोपी, हात कोपरापर्यंत काळे. मी ट्यूब कशाला पाहिजे ते सांगितलं. त्यानं आधी माझ्यामागं कुणी पुरुष आहे का ते पाहिलं.

मी एक गुळगुळीत, जाड दिसणारी ट्यूब धरली, तर तो म्हणाला, "वो नको लेव बाई. पेट फूल गया उसका. एक बाजू से फुगती, पानी में टेढी होयेगी."

दुसरी काढली. तिला ठिगळं होती, पण व्हॉल्व्हपासून लांब. त्यानं पंपानं हवा भरली, टाकीतल्या पाण्यात दाबली आणि हळूहळू फिरवली. बुडबुडे आले नाहीत. मालकांनी सांगितलं होतं तसं मी ती उचलून गालाजवळ धरली, सगळा वेढा गालापाशी फिरवून पाहिला. बारीक गळती डोळ्याला दिसत नाही, गालाला कळते, असं ते म्हणाले होते. ट्यूबच्या बदल्यात घागर घेताना म्हाताऱ्यानं विचारलं, "मरद क्या करता तुम्हारा?" मी सांगितलं. मग त्यानं खोक्यातून रबराचे तुकडे आणि सोल्युशनची नळी काढून माझ्या पिशवीत टाकली.

घरी ट्यूब बांधायला बसलो. मालक बाहेर ओट्यावर आले. तेसुद्धा कितीतरी दिवसांनी. सुंभ ट्यूबला वेढून मधल्या भोकावर खाटेसारखी वीण घालायची, म्हणजे बसायला जागा होते. सुंभाचं एक टोक ते दातात धरायचे, डाव्या हातानं ट्यूब दाबायचे आणि मी ओढायचे. "आजून आवळ. ढिली राह्यली तर पाण्यात गेल्यावर खाली लोंबंल." दातात दोरी असल्यानं शब्द नीट फुटायचे नाहीत. एकदा दोरी दातातून सुटली, ओठ फाटला. त्यांनी रक्त पुसलं आणि पुन्हा टोक दातात धरलं. मी पलीकडं तोंड करून गाठ मारली.

बाभळीच्या काट्यांपासून वाचवायला ट्यूबवर बारदान गुंडाळतात. तलाव नवा होता तेव्हा आतली झाडं तोडली नव्हती, ती तशीच बुडाली. पाणी उतरलं की त्यांचे शेंडे वर यायला लागतात. आमच्याकडं पोती दोनच होती. वरची आणि कडेची बाजू झाकली, खालची उघडी राहिली.

"चालंल?" मी विचारलं.

"शेंड्यांच्या पलीकडं जायचं न्हाई."

हवा किती भरायची तेही त्यांनीच दाखवलं. सकाळी अंगठा दाबला तर थोडा आत गेला पाहिजे, कारण उन्हानं हवा वाढते. वल्ही म्हणून खोक्याची दोन फळकुटं पुरेशी होती. राहिला माझ्या कपड्यांचा प्रश्न. ते म्हणाले, "लुगडं नको. भिजलं की वढून न्हेतं. माझी प्यांट घाल." मी त्यांची पँट घातली, कमरेला दोरी बांधली. अंगावर त्यांचाच सदरा होता. त्याची उजवी बाही मी दुमडली तेव्हा त्यांनी मान फिरवली.

सकाळी वस्तीतल्या बाया काठावर भांडी घासत होत्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हात थांबवून बघत राहिल्या, जशा तिरडी निघताना बघतात.

पहिले काही दिवस मी काठाजवळच गोल गोल फिरत राहिले. ट्यूब आपल्या मनानं वळायची. मालक कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सांगायचे, "दोन्ही हात बराबर मार. एकच मारला की फिरती." हळूहळू सरळ जायला लागले. जाळं सोडायला आणि ओढायला शिकले. बोटांना जाळ्याच्या दोऱ्यांनी चिरा पडल्या. मासे मिळायचे ते मूठभर. दुसऱ्यांनी उपसलेल्या जागेत मी जाळं टाकत होते. चांगली जागा बाभळींच्या पलीकडं होती. दीर तिथंच जायचा.

एक दिवस घरात पीठ नव्हतं. पोरीला मी आदल्या दिवशी फक्त चिंचेचं पाणी दिलं होतं. मी काही न सांगता शेंड्यांच्या पलीकडं गेले. मालक काठावरून हाका मारत होते, मी वळून पाहिलं नाही. जाळं सोडलं, दोरीचं टोक ट्यूबच्या सुंभाला बांधलं आणि थांबले. ऊन चढलं आणि वारा सुटला. उन्हाळ्यातला तापलेला वारा, धूळ घेऊन येणारा. ट्यूब जाळ्यासकट शेंड्यांवर ढकलली गेली. खालून काहीतरी टोचल्यासारखं वाटलं. मग मांडीखाली पाणी उकळावं तसे बुडबुडे यायला लागले.

मालकांनी काठावरून ओळखलं. ते ओरडले, "जाळं सोड!"

मी जाळं सोडत नव्हते. दुसरं जाळं नव्हतंच. जाळ्यात जडपणा लागत होता, आत मासे होते. ट्यूब एका बाजूनं बसत चालली होती, पाणी कमरेला आलं होतं, आणि मी दोरी धरून ओढत होते.

"सोड गं ते! आयकायला येतंय का?"

मग त्यांचा आवाज थांबला. मी मान वळवली तर ते पाण्यात चालत येत होते. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. थांबत नव्हते. एका हाताचा माणूस, दवाखान्यातून आल्यापासून धड जेवला नाही असा. त्यांच्या पुढं खोल होतं, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तोंडावर भीती नव्हती. घराकडं निघालेल्या माणसासारखे ते येत होते. मी ओरडले, "थांबा, सोडते." गाठ पाण्यानं घट्ट झाली होती, बोटांनी निघेना. मी ती दातानं सोडवली. जाळं खाली गेलं. "सोडलं बघा. मागं व्हा."

ते गळ्याएवढ्या पाण्यात थांबले.

हवा गेलेली ट्यूब मी काखेत धरली आणि बाभळीच्या एका शेंड्याला मिठी मारली. काटे दंडात गेले. दीर पलीकडून ट्यूब वल्हवत आला. त्यानं मला त्याच्या ट्यूबचा दोर दिला आणि काठाला ओढत आणलं. "वहिनी, उद्यापासून येऊ नका," एवढंच बोलला. मग परत जाऊन माझं जाळं कुठं अडकलंय का ते तो शोधत होता. सापडलं नाही.

मालक मला वाचवायला येत होते की त्यांना स्वतःलाच जायचं होतं, हे मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघं चिखलात बसून राहिलो. माझ्या दंडातले काटे ते डाव्या हाताच्या नखांनी काढत होते. एक निघता निघत नव्हता. ते काढता काढता रडायला लागले आणि काटा मात्र सोडला नाही.

म्हाताऱ्यानं दिलेल्या रबरानं मी ट्यूबला ठिगळ लावलं. दिरानं स्वतःचं एक फाटकं जाळं आणून टाकलं, ते दोघांनी मिळून सांधलं. मालकांना आता डाव्या हातानं आणि पायाच्या बोटांनी गाठ मारता येऊ लागली होती. मी पुन्हा जायला लागले. ते नको म्हणाले नाहीत, चांगलंही म्हणाले नाहीत. काठावर बसून राहायचे.

उन्हाळा संपता संपता तलावात मधोमध एक डबकं उरलं. मग ट्यूबची गरजच राहिली नाही. आसपासच्या गावची माणसं टोपल्या घेऊन चिखलात उतरली. मासे वरवर तडफडत होते आणि कुणीही उचलत होतं. मी काठावर उभी होते. मला आत जाववेना. तेव्हा मालक उठले, गुडघाभर चिखलात गेले, वाकले आणि हात खाली घालून चाचपत राहिले. मरळ चिखलात खोल बसते, ती वरून दिसत नाही. पहिली निसटली. दुसऱ्यांदा त्यांनी एक बाहेर काढली, छातीशी दाबून धरली. सदरा काळा झाला. तशीच माझ्यापाशी आणली.

"घरी न्हे," ते म्हणाले. "इकू नको."

संध्याकाळी मी कालवण केलं. ते स्वतःच्या हातानं जेवले. पोरीच्या घासातला काटा त्यांनीच निवडून काढला.

त्या पावसाळ्यातही तलाव भरला नाही. आम्ही जालन्याला गेलो. तिथं ते एका गोदामावर राखणीला लागले आणि मी चार घरची धुणी धरली.