डब्यांखालचं कॅलेंडर

पहिलं एक लिवते. माझी सून क्रांती डेंगूनं गेली. तिनं जीव दिला नाय. नऊ दिवस दवाखान्यात होती, प्लेटलेट उतरत गेल्या, दहाव्या दिवशी सकाळी गेली. माझ्या तोंडावर कोण बोलत नाय, पण नळावर बोलतात, तिच्या ऑफिसात पण बोलतात, की बाईनं काहीतरी खाल्लं. खोटं हाय. दवाखान्याचा कागद हाय माझ्याकडं.

आता वर्ष झालं. तिच्याबरोबर काम करणारी सुचिता म्हणली, आई, क्रांतीबद्दल तुमीच लिवा, आपल्या बायकांच्या ग्रुपवर टाकते. मी म्हणले, मी चौथी शिकलेली, मला काय येतंय. ती म्हणली, बोलता तसं लिवा. म्हणून लिवते.

मी जाईबाई. आमी परभणीकडचे. मालक सिताराम कामासाठी इकडं आले, बोनकोडे गावात खोली घेतली, तिथंच ऱ्हायलो. मालक गेले त्याला आठ वर्षं झाली. मी कोपरखैरण्यात चार घरी पोळ्या करते. मुलगा रोहन, एसी दुरुस्त करतो.

क्रांतीला बघायला गेलो तवा तिनं सरळ रोहनला इचारलं, "घरात भांडी कोण घासतं?" तिचा बाप खाली बघायला लागला. रोहन म्हणला, "आई." ती म्हणली, "मग तुमाला घासता येत नाय का?" मला तिथंच आवडली. लग्नानंतर लेकीला, पियूला, मांडीवर घेऊन बीए केलं तिनं. रात्रीचं जेवण झालं की पुस्तक उघडायची आणि झोपून जायची, पुस्तक तोंडावर. तरी पास झाली.

मग बेलापूरला एका सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर टाईप करायला लागली. ठेक्यावर. अकरा महिन्याची ऑर्डर, मग एक दिवस घरी बसायचं, मग परत अकरा महिन्याची. तो एक दिवस घरी बसायची तवा ती साबुदाण्याचे वडे करायची आणि म्हणायची, "आई, आज मी बेकार हाय, मला कोण कामं सांगू नका." हसायचो आमी. त्या पुढच्या ऑर्डरवर मोठ्या साहेबाची सही लागते. सगळं त्या सहीवर हाय, हे मला तवा कळलं नाय. साहेबाचं नाव लिवत नाय. वकीलबाईनं नको सांगितलंय.

आमच्या घरात कॅलेंडर भिंतीला असतं, गॅसच्या वरच्या बाजूला. दूधवाला पिशवी टाकतो, ज्या दिवशी घेतली नाय त्या तारखेला मी गोल करते. सिलेंडर आला की 'सि' लिवते. एवढंच माझं लिवणं. दोन वर्षांमागं पावसाळ्यात मी बघितलं, तारखांच्या खाली निळ्या पेनानं बारीक ठिपके. माझे नाय. मग क्रांतीचे. मला वाटलं पाळीच्या तारखा. एका महिन्यात चार ठिपके, पुढच्यात सहा. मी घाबरले. तिला इचारलं, "अगं, तुला महिन्यात चार चारदा येते का? बाई, अंगात रक्त ऱ्हाईल का?"

तिनं आधी कॅलेंडरकडं बघितलं. मग हसली. म्हणली, "दाखवते आई डॉक्टरला."

मी तिला सांगितलं दाखवच, आणि रोज सकाळी तिला बिटाचा रस करून द्यायला लागले. ती प्यायची. उभ्यानं प्यायची, ग्लास धुवून ठेवायची, कामाला जायची. चार महिने तिनं तो रस पिला. मला एकदा पण सांगितलं नाय की आई हे कशाचे ठिपके हायत.

जानेवारीत नवीन कॅलेंडर आलं. जुनं मी काढलं. आमच्याकडं जुन्या कॅलेंडरचं पान फळीवर डब्यांखाली अंथरतात, जाड असतं, चिकट होत नाय. पाच पानं फळीला लागली. ऱ्हायलेली रद्दीत गेली. मी तारखांची बाजू खाली केली आणि रेसिपीची बाजू वर, कारण रेसिपीला चित्र असतं, बरं दिसतं.

फेब्रुवारीत एक दिवस क्रांती कामावरून आली, चप्पल न काढता भिंतीकडं गेली. "आई, गेल्या वर्षीचं कॅलेंडर?"

"ते? गेलं की रद्दीत."

"सगळं?"

"मग जुनं ठेवून काय करतीस?"

ती म्हणली, "काय नाय." आणि चप्पल काढून कुकर लावला. फळीवरनं डाळीचा डबा तिनंच काढला. पान डब्याखालीच होतं. मला आठवलं नाय. खरंच आठवलं नाय.

चार दिवसांनी तिनं आमाला दोघांना बसवून सांगितलं. साहेब केबिनमधी फाईल घेऊन बोलावतो. दार लोटायला लावतो. पाठीवर हात ठेवतो, मग हात तिथंच ऱ्हात नाय. गाडीतनं सोडतो म्हणतो. रविवारी फोन करतो. आणि ऑर्डरचा कागद टेबलावर असतो, सही न केलेला, तिला दिसेल असा. आत्ता गेल्या महिन्यात त्यानं दाराची कडी लावली तवा ती ओरडली, सुचितानं दार वाजवलं म्हणून सुटली. तिनं ऑफिसातल्या बायकांच्या समितीकडं तक्रार लिवून दिली होती. देऊन आली आणि मग आमाला सांगितलं.

रोहन म्हणला, "मला आधी का नाय सांगितलं?"

ती म्हणली, "तू काय केलं असतं?"

मला फक्त बिटाचा रस आठवत होता.

समितीत पाच जण. अध्यक्ष मॅडम बऱ्या होत्या म्हणायची. पण त्यात एक अधिकारी साहेबाचा जुना दोस्त. तो पहिल्या दिवशी म्हणला, "बाई, मिटवून टाका ना, ऑर्डर पण येतीच आहे तुमची." ती म्हणली, "ऑर्डर नको, लिवून घ्या मी काय सांगते ते." मग तारखा इचारल्या. तिनं डोक्यातनं सांगितल्या. ऑगस्टची एक तारीख सांगितली एकोणीस. साहेबानं कागद काढला, एकोणीसला तो नागपूरला दौऱ्यावर. दोस्त म्हणला, "एक तारीख खोटी निघाली, मग बाकीच्या कशा खऱ्या धरायच्या?"

त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाय. मी भाकरी वाढली तर म्हणली, "आई, मी लिवून ठेवलं होतं. त्या त्या दिवशी लिवत होते." कुठं, ते बोलली नाय. माझ्यामुळं गेलं हे मला कळू नये म्हणून नाय बोलली, असं मला आता वाटतं. तवा वाटलं, असेल कुठंतरी वहीत.

तिची ऑर्डर आली नाय. एक दिवस घरी बसायचा असतो, तो संपलाच नाय. ती घरी बसली, लोकांचे अर्ज टाईप करून द्यायला लागली. वडे केले नाय. समिती तारखेवर तारीख देत ऱ्हायली. सप्टेंबरात ताप आला.

ते दवाखान्याचं मी लिवत नाय.

ती गेली आणि मला रडू आलं नाय. बायका आल्या, गळ्यात पडल्या, मी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. पुण्यानुमोदनाच्या जेवणाला पाहुणे येणार म्हणून तांदळाचा मोठा डबा फळीवरनं काढला. डबा उचलला तर खालचं पान चिकटून वर आलं. हळद सांडलेली. पान पलटी झालं. तारखा. माझे गोल. आणि निळे ठिपके. ठिपक्याच्या बाजूला बारीक अक्षर होतं, तवा मला दिसलं नव्हतं, कुठं 'के', कुठं 'गा', कुठं 'फो'. मी सगळे डबे खाली काढले. पाचही पानं काढली. जुलै ते नोव्हेंबर. बायका म्हणल्या, आई, डबे का काढताय, भात टाका. मी म्हणले टाकते.

सुचिता आली होती. तिला मोरीत नेऊन दाखवलं. तिनं अक्षरं वाचली आणि म्हणली, "के म्हणजे केबिन. गा म्हणजे गाडी. फो म्हणजे फोन." मग ऑगस्टवर बोट ठेवलं. ठिपका अठराला होता. एकोणीसला नाय. एका दिवसाची चूक होती. एका दिवसाची.

मी म्हणले, "ह्याच्यासाठी रस पाजला मी तिला."

सुचिताला काय कळलं नाय. मी सांगितलं पण नाय.

त्याच दिवशी जेवणं उठल्यावर ऑफिसच्या ठेकेदाराचा माणूस किसन आला. हात जोडले, फोटोला फूल वाहिलं, मग रोहनला बाहेर घेतलं. मी दारात भांडी विसळत होते, ऐकू येत होतं. "रोहनशेठ, गेलेलं माणूस तर येत नाय. साहेबांना पण लई वाईट वाटलंय. ऑफिसात ड्रायव्हरची जागा हाय. तुमचं लायसन हाय ना? फक्त एक कागद, की घरच्यांची काय तक्रार नाय."

रोहन म्हणला, "बघतो."

मग ऑफिसचं पत्र आलं. तक्रारदार मयत झाल्यामुळं प्रकरण बंद करण्यात येत हाय. सुचितानं वकीलबाईला इचारलं. त्या म्हणल्या बंद होत नाय. वारसानं सही देऊन संमती दिली, तर ज्याला माहिती हाय तो पुढं चालवू शकतो. सुचिता म्हणली, "मी चालवते. माझी ऑर्डर जाऊ दे." पण वारस म्हणजे नवरा. सासू नाय. माझी सही कुणाला नको होती. मी चौथी शिकून सही शिकले ती काय कामाला आली नाय.

रोहनपुढं दोन कागद ठेवले होते. किसनचा एक, सुचिताचा एक. टीव्हीवर ठेवले होते आठ दिवस. त्याच्यावर रिमोट.

मी म्हणले, "कर सही."

"कशावर?"

"तुला माहीत नाय?"

"आई, मेलेल्या माणसाची केस असती का? लोकं काय बोलतात ऐकतीस ना? पियूला शाळेत बोलतील. त्यापेक्षा सरकारी गाडी चालवीन, पोरगी शिकवीन. तिला पण तेच पायजे होतं."

"तिला ते पायजे असतं तर तिनं ऑर्डरच घेतली नसती का?"

तो उठून गेला. त्याला दोष देत नाय मी. उन्हात दहाव्या माळ्यावर बाहेर लटकून एसी दुरुस्त करतो तो. त्याला पण कुठंतरी खुर्चीवर बसावं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो चहा पीत होता. मी पाचही पानं त्याच्यापुढं खाली पसरली. भाजी निवडत बसले. तो आधी नुसतं बघत होता. मग वाकला. नोव्हेंबरचं पान ओढून घेतलं.

बावीस नोव्हेंबर. पियूचा वाढदिवस. त्या दिवशी क्रांती उशिरा आली होती, साडेआठला. केक आणला होता, मेणबत्त्या होत्या, चाळीतली पोरं थांबून थांबून घरी गेली होती. रोहन सगळ्यांसमोर तिला बोलला होता, "पोरीच्या वाढदिवसाला पण तुला ऑफिस सुटत नाय? कोण हाय तिथं तुझं?" हे वाक्य मी ऐकलं होतं. आमी सगळ्यांनी ऐकलं होतं. तिनं सुरी घेऊन पियूचा हात धरला आणि केक कापला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता.

बावीसच्या खाली ठिपका होता. आणि 'गा'.

रोहननं कप खाली ठेवला. त्या तारखेवर बोट ठेवून बसला. चहावर साय आली. मी मेथी निवडत होते. मग तो म्हणला, "पेन कुठंय?"

मी पियूच्या दप्तरातनं काढून दिलं. त्यानं सुचिताच्या कागदावर सही केली. किसनचा कागद फाडला बिडला नाय, तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी मी त्या कागदानं गॅसची काच पुसली.

समितीपुढं पानं घेऊन मी आणि सुचिता गेलो. मला आत बोलावलं. साहेबाचा दोस्त बसला होता. त्यानं पान नाकाजवळ धरलं आणि म्हणला, "ह्याला मसाल्याचा वास येतोय. हे घरी बसून बनवलेलं नाय कशावरनं?"

मी म्हणले, "साहेब, गोल माझे हायत. दुधाचे. दूधवाल्याला इचारा त्याच्या वहीत त्याच तारखा हायत का. मी बनवायला बसले असते तर त्याच्यावर हळद सांडली नसती."

अध्यक्ष मॅडमनं इचारलं, "हे डब्याखाली कुणी घातलं?"

"मी."

"का?"

"मला वाटलं जुनं झालं."

त्यांनी लिवून घेतलं. दूधवाल्याला खरंच बोलावलं. तो वही घेऊन आला, घाबरलेला, मला म्हणला, "मावशी, मला कशाला गुंतवता?" पण तारखा जुळल्या. अठराला साहेब ऑफिसातच होता, गेटवरच्या रजिस्टरात त्याची गाडी होती. नोव्हेंबरच्या बावीसला संध्याकाळी पण.

रिपोर्ट आला तवा मी दुसऱ्याच्या घरी कणीक मळत होते. सुचिताचा फोन. "आई, सिद्ध झालं. कारवाई करा म्हणून लिवलंय. तो वरती अपील करणार म्हणतो, पण सिद्ध झालं." ती रडत होती.

मी म्हणले, "बरं." मग इचारलं, "तू जेवलीस का?"

रिपोर्टवर 'मयत तक्रारदार' लिवलंय, त्याच्यापुढं तिचं पूर्ण नाव. नाव बरोबर लिवलंय, मी बघितलं. रोहन अजून एसीच करतो. सुचिताला दुसरीकडं काम मिळालं, खारघरला.

पाचही पानं ऑफिसनं सीलबंद करून ठेवलीत. अपील होईपर्यंत मिळणार नाय म्हणतात. क्रांतीच्या हातानं लिवलेलं घरात तेवढंच होतं, बाकी सगळं टाईप केलेलं. म्हणून मी एक अर्ज दिलाय, की काम झालं की पानं परत द्या. त्याच्यावर माझीच सही चालली. पोच घेतलीय.

फळीवर सध्या पेपर अंथरलाय. तो चिकट होतो, दर महिन्याला बदलावा लागतो.